रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यावर जैविक प्रक्रिया: नाल्यापासून क्लॅरिफायरपर्यंत

जिवाणू हवेच्या मदतीने सांडपाणी पचवतात त्या एरेशन टाकीतला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, एका रात्रीत १.५ वरून ५ मिग्रॅ/लिटरवर गेला की नवा ऑपरेटर खूश होतो. ब्लोअर तोच, हवा तेवढीच, आणि ऑक्सिजन मात्र भरपूर! जुना माणूस तोच आकडा बघतो आणि आधी टाकीत सांडपाणी सोडणारा फीड पंप बंद करतो. ऑक्सिजन शिल्लक राहतोय, कारण तो वापरणारं टाकीत कुणी उरलेलं नाही. रात्रीतून काहीतरी विषारी येऊन गेलंय.

टाकीत दिसणारे बहुतेक रोग टाकीच्या आधीच जन्म घेतात. म्हणून या लेखाचा बराचसा भाग एरेशन टाकीपर्यंत पोहोचायच्या आधीच खर्च होणार आहे.

थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी खाली बसलेला गाळ, म्हणजे मुख्यतः जिवाणूंचाच साठा, फेकून दिला नाही. वरचं पाणी ओतून टाकलं, त्याच गाळावर नवं सांडपाणी घेतलं आणि पुन्हा हवा सोडली. पहिल्या खेपेला ज्याला आठवडे लागले, तेच काम गाळ साठत गेल्यावर काही तासांत होऊ लागलं. ॲक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे सक्रिय गाळ, पद्धतीचा सगळा गाभा एवढाच: गाळ हे भांडवल आहे, ते सांभाळायचं.

पायरी १: प्रत्येक प्रवाह वेगळा ओळखा

संकलन टाकीतल्या एका नमुन्यावरून काहीच ठरवू नका. कारखान्याचा नकाशा घेऊन चालत फिरा आणि पाणी जिथून जिथून निघतं ती प्रत्येक जागा लिहून काढा: मदर लिकर (उत्पादन वेगळं केल्यावर उरणारं दाट द्रावण), रिॲक्टर धुतल्याचं पाणी, वायू धुणाऱ्या स्क्रबरचं पाणी, व्हॅक्यूम पंपाचं पाणी, बॉयलर आणि कूलिंग टॉवरचा ब्लोडाउन (क्षार साठू नयेत म्हणून सोडून दिलेलं पाणी), प्रयोगशाळेचं सिंक. प्रत्येकापुढे रोजचं प्रमाण, पीएच, सीओडी (सेंद्रिय पदार्थ रसायनाने ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन), बीओडी (जिवाणूंना ते पचवायला लागणारा ऑक्सिजन), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), अमोनिया आणि एकूण नायट्रोजन, सल्फेट, तेल, आणि त्यात असू शकणाऱ्या रसायनांची नावं लिहा. प्रवाह सतत येतो की बॅचने, आणि बॅचने येत असेल तर कुठल्या वेळी, हा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतोच. तो सगळ्यात महत्त्वाचा असतो.

मी पाहिलेल्या एका ठिकाणी दर रविवारी गाळ आजारी पडायचा. उत्पादनाचं वेळापत्रक तपासून झालं, काही सापडलं नाही. शेवटी कळलं की शनिवारी संध्याकाळी कूलिंग टॉवरमध्ये बायोसाइड, म्हणजे जिवाणू मारणारं रसायन, टाकून रात्री ब्लोडाउन सोडत होते. कूलिंग टॉवर हा 'सांडपाण्याचा प्रवाह' आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे तो तक्त्यात नव्हता.

आता बीओडी आणि सीओडीचं गुणोत्तर. ढोबळमानाने ०.५ च्या आसपास किंवा वर असेल तर पाणी जिवाणूंना सहज पचतं. ०.३ ते ०.५ मध्ये सरावलेला गाळ लागतो. ०.३ च्या खाली असेल तर आधी प्रश्न विचारावे लागतात. पण पहिला प्रश्न चाचणीलाच विचारा. बीओडीच्या बाटलीत घरगुती सांडपाण्यातले जिवाणू टाकले असतील, तर त्यांनी तुमचं रसायन आयुष्यात पाहिलेलं नसतं आणि बीओडी खोटी कमी येते. दुसरी खूण: एकाच नमुन्याची बीओडी वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून काढा. जास्त पातळ केल्यावर आकडा वाढत गेला, तर पाणी विषारी आहे आणि बाटलीतल्या जिवाणूंनाही मारतंय. सीओडीतही सापळा आहे. क्लोराइड २००० मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर नेहमीच्या चाचणीत सीओडी फुगवून दिसतो, त्यामुळे नमुना पातळ करून आणि मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घालूनच चाचणी करायला हवी.

पायरी २: जे जिवाणूंचं नाही ते त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका

सगळं एकत्र करून 'पातळ होईल' म्हणणं हा सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे. एक घनमीटर मदर लिकर वेगळं हाताळणं शक्य असतं. ते शंभर घनमीटर पाण्यात मिसळलं की शंभर घनमीटरचा प्रश्न होतो.

प्रचंड क्षार असलेलं पाणी बाष्पीभवनाकडे जातं. उडून जाणारे सॉल्व्हंट आधी स्ट्रिपरमध्ये, म्हणजे ते वाफेने किंवा हवेने उडवून घेणाऱ्या उपकरणात, काढायचे. सायनाइड असेल तर पीएच १० च्या वर ठेवून क्लोरिनने ऑक्सिडाइझ करायचं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आधी आम्लात, पीएच २ ते ३ ला, ट्रायव्हॅलंट करायचं आणि मग पीएच वाढवून खाली बसवायचं. इतर जड धातूही पीएच वाढवून अवक्षेपित करायचे. तरंगतं तेल आणि ग्रीस काढून टाकायचं, कारण ते गाळाच्या कणांभोवती थर धरतं आणि ऑक्सिजनची वाट अडवतं.

न पचणारे सेंद्रिय रेणू तोडायला फेंटन प्रक्रिया चालते: पीएच ३ च्या आसपास, फेरस क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे एक चूक वारंवार होते. पेरॉक्साइड उरलं तर ते पुढे जाऊन गाळ मारतं, आणि वर सीओडीच्या चाचणीत स्वतःच सीओडी म्हणून मोजलं जातं. म्हणजे प्रक्रिया फसली असं वाटून माणूस आणखी पेरॉक्साइड टाकतो! तपासणीच्या पट्टीने पेरॉक्साइड शून्य दिसेपर्यंत ते पाणी पुढे सोडू नका.

पायरी ३: श्वास मोजा

ही एक चाचणी येत असेल तर बाकी अर्धी उपकरणं नसली तरी चालतं. हिला ओयूआर म्हणतात, म्हणजे गाळ किती वेगाने ऑक्सिजन वापरतो ते मोजणं.

एरेशन टाकीतला एक लिटर गाळ-पाणी घ्या आणि हवा सोडून डीओ ६ च्या वर न्या. बीओडीच्या बाटलीत काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. डीओचा प्रोब बसवा, खाली चुंबकी ढवळणी चालू ठेवा आणि दर ३० सेकंदांनी आकडा लिहा. समजा ५ मिनिटांत डीओ ६.२ वरून ३.२ वर आला. म्हणजे मिनिटाला ०.६, तासाला ३६ मिग्रॅ/लिटर. गाळातला सेंद्रिय भाग, म्हणजे एमएलव्हीएसएस, ३ ग्रॅम/लिटर असेल तर ३६ भागिले ३, म्हणजे एका ग्रॅममागे तासाला १२ मिग्रॅ ऑक्सिजन. साधारण ८ ते २० हा पोटभर खाणाऱ्या, निरोगी गाळाचा श्वास समजा. पण खरी किंमत तुमच्या स्वतःच्या रोजच्या नोंदींना आहे.

आकडा ३-४ वर आला तर? गाळ उपाशी आहे किंवा विषबाधा झालेली आहे. त्याच बाटलीत चिमूटभर सोडियम ॲसिटेट टाकून पुन्हा मोजा. श्वास उसळला तर भूक होती. ढिम्म राहिला तर विष आहे. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे हा फरक करायलाच हवा.

नवा प्रवाह घ्यायच्या आधीही हेच करा. ॲसिटेट दिलेल्या गाळाच्या चार बाटल्या: एकीत काही नाही, बाकींत नवं पाणी १, ५ आणि १० टक्के. अर्धा तास हवा देऊन श्वास मोजा. श्वास ज्या प्रमाणाला खाली येऊ लागतो ती तुमची मर्यादा, आणि प्रत्यक्ष टाकीत मी तिच्या निम्म्यावर थांबतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०९ क्रमांकाची चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. पदार्थ मुळात पचतो का हे पाहायचं असेल तर झान-वेलेन्स ही २८ दिवसांपर्यंत चालणारी चाचणी आहे. ती वेळखाऊ असली तरी नवीन उत्पादन सुरू करण्याआधी करून घेण्यासारखी आहे.

पायरी ४: इक्वलायझेशन

जिवाणूंना रोज एकसारखं ताट हवं. फिनॉलचंच उदाहरण घ्या: सरावलेला गाळ ते आवडीने खातो, पण तेच फिनॉल एकदम जास्त आलं की तोच गाळ गुदमरतो. अन्न आणि विष यांत इथे फरक फक्त प्रमाणाचा आहे.

म्हणून इक्वलायझेशन टाकी, म्हणजे येणारं पाणी साठवून एकसारखं करणारी टाकी, किमान एका दिवसाच्या पाण्याची असावी, आणि बॅचने चालणाऱ्या कारखान्यात सर्वांत लांब बॅचचक्र पोटात घेईल एवढी. ती कधीही पूर्ण रिकामी करू नका. निम्मी भरलेली टाकीच येणाऱ्या धक्क्याला पातळ करू शकते. याउलट आणीबाणीची टाकी वेगळी बांधा आणि ती कायम रिकामी ठेवा. रिकामी टाकी पाहून व्यवस्थापनाला ती कशाने तरी भरावीशी वाटते. तिथे ठाम राहावं लागतं.

टाकी ढवळायला भरमसाट हवा सोडली की सॉल्व्हंट उडून जातात आणि सीओडी 'कमी' होतो. ही प्रक्रिया नव्हे. प्रदूषण पाण्यातून हवेत गेलं, आणि वर आगीचा धोका ओढवून घेतला. सॉल्व्हंट असतील तर यांत्रिक ढवळणी लावा. पीएच इथेच ६.५ ते ८.५ मध्ये आणा. तापमान ३५ अंशांच्या आत असावं. ४० च्या वर नेहमीचा गाळ विस्कटायला लागतो.

पायरी ५: पद्धत कुठली

सीओडी काही हजारांत आहे, तो सहज पचणारा आहे आणि सल्फेट कमी आहे, तर आधी हवेविना, म्हणजे ॲनरोबिक. एक किलो सीओडी काढला की प्रमाणित तापमान-दाबाला सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, गाळ फार थोडा तयार होतो आणि ब्लोअरची वीज वाचते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात लेटिंगा यांनी विकसित केलेली यूएएसबी पद्धत (पाणी गाळाच्या थरातून खालून वर नेणारी, हवेविना) टेरेफ्थॅलिक आम्लाच्या सांडपाण्यासारख्या रासायनिक पाण्यावरही वापरली गेली आहे. पण सीओडी सल्फेटच्या १० पटींपेक्षा कमी असेल तर हायड्रोजन सल्फाइडचा त्रास सुरू होतो. ॲझो रंगांच्या बाबतीत क्रम फिरवता येत नाही. हवेविना रंगाचा बंध तुटतो आणि ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात. ती पुढे हवेतच पचवावी लागतात.

हवेच्या पद्धतींत एमबीबीआर जागा वाचवते आणि प्लास्टिकच्या चकत्यांवर चिकटलेले जिवाणू धक्का जरा बरा सोसतात. एमबीआरमध्ये पाणी गाळणाऱ्या पडद्यामुळे गाळ बाहेर जाऊच शकत नाही, पण पडदे तेल आणि क्षारांनी बुजतात. बहुतेक मिश्र रासायनिक सांडपाण्यासाठी माझं मत जुन्याच बाजूने आहे: मोठी, पूर्ण ढवळली जाणारी, लांब मुक्कामाची एरेशन टाकी. कंटाळवाणी आहे, पण चुका पोटात घालते. लांबट, प्रवाही टाकीत विषाचा घोट तोंडाशी बसलेल्या जिवाणूंना निखळ मिळतो. पूर्ण ढवळलेल्या टाकीत तो आत पडताक्षणी पातळ होतो.

पायरी ६: हिशेब

रोज २०० घनमीटर पाणी, बीओडी १५०० मिग्रॅ/लिटर. भार झाला रोज ३०० किलो बीओडी.

अन्न आणि गाळ यांचं गुणोत्तर, एफ-एम, घरगुती सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रकल्पात ०.२ ते ०.४ ठेवतात. रासायनिक पाण्याला ०.१२ धरू. एमएलव्हीएसएस ३ किलो प्रति घनमीटर. मग टाकी ३०० ÷ (०.१२ × ३), म्हणजे साधारण ८३३ घनमीटर. पाण्याचा मुक्काम चार दिवसांहून थोडा जास्त. घरगुती सांडपाण्यावर काम केलेल्या माणसाला हा आकडा वेडेपणाचा वाटतो. वाटू द्या.

ऑक्सिजन: किलो बीओडीमागे दीड किलो धरला तर रोज ४५० किलो. अमोनियाचं नायट्रेट करायचं असेल तर दर किलो अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ किलो ऑक्सिजन आणखी, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ७.१४ किलो क्षारता (आम्ल शोषून पीएच टिकवायची पाण्याची क्षमता). क्षारता संपली की पीएच कोसळतो आणि सगळ्यात नाजूक असलेले नायट्रीकरणाचे जिवाणू पहिले बसतात.

पोषण: बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस १००:५:१. म्हणजे रोज १५ किलो नायट्रोजन, ३ किलो फॉस्फरस. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतामध्ये १८ टक्के नायट्रोजन आणि साधारण २० टक्के फॉस्फरस असतो. १५ किलो डीएपीने फॉस्फरस भागला आणि २.७ किलो नायट्रोजन मिळाला. उरलेल्या १२.३ किलोसाठी ४६ टक्क्यांचा युरिया सुमारे २७ किलो. पण हे पाण्यात मुळात नायट्रोजन नसेल तरच! अमाइन बनवणाऱ्या कारखान्यात पचनातून अमोनिया आपोआप सुटतो आणि तिथेही सवयीने युरियाची पोती ओतलेली मी पाहिली आहेत. बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन १ ते २ आणि विरघळलेला फॉस्फरस ०.५ ते १ मिग्रॅ/लिटर सापडला की डोस पुरेसा आहे.

पायरी ७: सुरुवात आणि सराव

बियाण्याचा गाळ शक्यतो तुमच्यासारखंच पाणी हाताळणाऱ्या प्रकल्पातून आणा. तो मिळाला नाही तर घरगुती सांडपाणी प्रकल्पाचा. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांनी कधी कधी सुरुवात लवकर होते, पण टाकीत शेवटी कोण टिकणार हे तुमचं पाणी ठरवतं.

गाळ १५०० ते २००० मिग्रॅ/लिटर झाला की संकल्पित भाराच्या १० टक्क्यांपासून फीड सुरू करा. बाहेरचा सीओडी सलग तीन-चार दिवस स्थिर राहिला की १० ते २० टक्के वाढवा. बिघडला तर मागच्या टप्प्यावर परत या, तिथे थांबा. चार ते आठ आठवडे लागतात. या काळात पांढरा फेस येतो. गाळ कोवळा आहे, घाबरू नका आणि गाळ काढूही नका.

क्षारांच्या बाबतीत पातळीपेक्षा उडी घातक असते. गाळ हळूहळू १०,००० मिग्रॅ/लिटर टीडीएसलाही सरावतो, पण ३,००० वरच्या गाळाला एका दिवसात ९,००० दिले तर पेशी फुटतात आणि पाणी गढूळ होतं. उलटी उडीही तितकीच वाईट. सुट्टीच्या दिवशी नुसतं साधं पाणी सोडू नका.

पायरी ८: रोजचं चालवणं

दर शिफ्टला डीओ, पीएच आणि एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास गाळ बसवून पाहणं. गाळ ३०० मिलिला बसला आणि एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या एकूण गाळाची दाटी, ४००० मिग्रॅ/लिटर असेल तर एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळाने व्यापलेले मिलिलिटर, ७५, उत्तम. ६०० ला थांबला तर १५०, आणि गाळ फुगायला लागला आहे. डीओ १.५ ते २ पुरे.

गाळ किती काढायचा? वरच्या उदाहरणात एमएलएसएस ४०००, म्हणजे घनमीटरला ४ किलो, धरला तर टाकीत ४ किलो × ८३३, म्हणजे सुमारे ३,३३० किलो गाळ आहे. गाळाचं वय, म्हणजे तो टाकीत सरासरी राहतो ते दिवस, २५ ठेवायचं तर रोज १३३ किलो काढायचा. परतीच्या गाळाची, म्हणजे क्लॅरिफायर या गाळ बसवणाऱ्या टाकीच्या तळातून एरेशन टाकीत परत पाठवतात त्या गाळाची, दाटी ८ किलो प्रति घनमीटर असेल तर रोज साधारण १७ घनमीटर. रोज, थोडा थोडा. आठवड्यातून एकदा धबधब्यासारखा नव्हे.

सूक्ष्मदर्शक हे सगळ्यात स्वस्त पूर्वसूचना यंत्र आहे. देठावर डोलणारे व्हॉर्टिसेला आणि रोटिफर दिसत असतील तर टाकी स्थिर आहे. ते आखडलेले किंवा गायब असतील आणि बारीक फ्लॅजेलेट सैरावैरा धावत असतील तर काहीतरी बिघडतंय. सीओडीचा अहवाल येण्याआधी हे कळतं. मात्र खूप क्षार असलेल्या पाण्यात हे प्राणी मुळातच कमी असतात, तेव्हा तिथे तुमच्याच जुन्या नोंदींशी तुलना करा.

बिघडलं तर

गाळ बसत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात: डीओ कमी, पोषण कमी, पीएच कमी किंवा सल्फाइड जास्त, यांपैकी काय ते शोधा. परतीच्या गाळात क्लोरिन देऊन तंतू मारता येतात, पण कारण तसंच राहिलं तर ते परत येतात. तंतू नाहीत आणि गाळ बुळबुळीत आहे: नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडतोय. क्लॅरिफायरमध्ये गाळाची ढेकळं बुडबुड्यांसह वर येतात: तळाशी नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय, परतीचा पंप वाढवा. तपकिरी, चिवट साय: नोकार्डियासारखे जिवाणू, बहुधा तेल आणि म्हातारा गाळ. ती साय खरवडून बाहेर काढा, पाण्याच्या फवाऱ्याने परत आत ढकलू नका.

आणि डीओ अचानक चढला तर: फीड बंद, येणारं पाणी आणीबाणीच्या टाकीत, हवा चालू, गाळ काढणं बंद. श्वास मोजा. भुकटी स्वरूपातला ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकल्यास तो विष शोषून घेतो. डुपाँ या रसायन कंपनीने १९७० च्या दशकात याच कल्पनेवर एक कायमची पद्धत उभी केली होती. श्वास परतल्यावर फीड १०-२० टक्क्यांपासून. आणि दरम्यान एकाने नमुन्याची बाटली घेऊन नाल्यांवर चालत सुटायचं.

घाईत या वेळीच अपघात होतात, म्हणून दोन गोष्टी. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास अचानक थांबला तर खड्डा सुरक्षित झाला असं समजू नका. सुमारे १०० पीपीएमला नाकच बधिर होतं. आणि हवेने खदखदणाऱ्या टाकीत पट्टीचा पोहणाराही तरंगू शकत नाही, त्यामुळे कठड्यावर वाकून नमुना घेणं नको.

जिवाणू कुठे थांबतात

सगळं ठीक चालू आहे, बाहेरची बीओडी १० आहे, पण सीओडी ३५० वरून हलत नाही. आता ब्लोअर वाढवायचा, युरिया वाढवायचा की पुड्या टाकायच्या? काहीच नाही. बादलीभर गाळ-पाणी घ्या आणि नवं अन्न न देता आठवडाभर हवा सोडा. रोज वरचं पाणी गाळून सीओडी काढा. तो उतरत राहिला तर टाकीला वेळ किंवा सराव कमी पडतोय आणि अजून वाव आहे. ३०० च्या आसपास सपाट झाला तर तेवढा सीओडी जिवाणूंचा नाहीच. तो ओझोन, कार्बन किंवा पडद्यांकडे न्यायचा, नाहीतर पायरी १ चा तक्ता उघडून तो ज्या नाल्यातून येतो तिथेच अडवायचा.